मुकी शीर

हंबीरराव मरावा असं मला दहा वर्षं वाटत होतं. १९७८च्या उन्हाळ्यात तोच स्ट्रेचरवरून माझ्या तपासणीच्या खोलीत आला. शिरेतलं रक्त ऐकायचं यंत्र सांगलीत तेव्हा माझ्याकडेच होतं. नाहीतर हा माणूस माझ्या दारात कशाला येतोय!

हा माझा दाजी, इस्लामपूरकडचा जुना पैलवान. माझी थोरली बहीण मनुअक्का बाळंत झाली आणि तिचा पाय मांडीपर्यंत सुजला. मी तेव्हा मिरजेत डॉक्टरकी शिकत होते. शिरेत रक्ताची गाठ असेल, पाय चोळू नका, गाडी करून इकडे आणा, असा निरोप धाडला. ह्यानं काय केलं? "मेवणीला चार बुकं वाचून लय अक्कल आलीया," म्हणाला आणि तालमीतलं तेल गरम करून स्वतः पाय रगडला. अक्का किंचाळत होती. तालमीत पोरंही किंचाळतात आणि बरी होतात, तसंच हे, असं त्याला वाटलं. गाठ सुटून फुप्फुसात गेली आणि अक्का धापा टाकत तिथंच संपली. तेराव्याला हा चारचौघांत म्हणाला, "म्या लय केलं. तिचं आयुष्यच तेवढं." वर्षाच्या आत दुसरी केली.

आता त्याचीच मांडी तट्ट फुगली होती. ऊस भरताना पाय मोडला, प्लास्टर काढलं आणि सूज चढली. सोबत अक्काची लेक छबू होती, त्याच बाळंतपणातली, थेट अक्काचा चेहरा. तिच्या हातात तेलाची बाटली होती.

"आवं डॉक्टरीणबाई, ऱ्हाऊ द्या ते यंत्र. पोरगी रगडंल. सांजच्याला उतरतंय बगा."

रगडा. एवढंच म्हणायचं होतं मला. शब्द ओठांवर आला होता. पण छबूनं बाटलीचं बूच काढलं आणि मी तिच्या हातांकडे पाहिलं. गाठ त्या हातांनी सुटली असती.

"ठेव ती खाली! बाहेर जाऊन बस!" मी ओरडले.

चांगल्या मांडीवर जेली लावून यंत्राची पेन्सिल टेकवली. डब्यातून सूं सूं आवाज आला, श्वासागणिक चढणारा, उतरणारा. मग सुजलेल्या मांडीवर टेकवली. काहीच नाही. गरज नसताना मी ती बराच वेळ तिथंच धरून ठेवली.

"बंद पडलं व्हय यंत्र?"

"यंत्र चालू आहे, दाजी. शीर मुकी झालीय. अक्काच्या पायात होती तीच गाठ. रगडली की सुटते. पुढं काय होतं ते तुम्ही पाहिलंय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

इंजेक्शनं सुरू केली, पाय उंच ठेवला. औषधात कसूर केली नाही. मला तो जिवंत हवा होता.

संध्याकाळी वॉर्डात गेले तर छबू रोजच्यासारखी बापाचे पाय चेपायला बसत होती. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "हात लावू नगंस!"

"का वं आबा? मी हळू चेपते की."

तो केविलवाणा माझ्याकडे बघू लागला. "बाई, तुमीच सांगा हिला."

"मी नाही," मी म्हणाले. "तुमच्या तोंडानं सांगा. हिची आई कशानं गेली, तिथून सुरू करा."

त्यानं तिचं मनगट धरूनच ठेवलं. मग म्हणाला, "छबे, तुज्या आयचा पाय म्या रगडला. नगं म्हणत हुती, तरी रगडला."

छबूनं आपलं मनगट त्याच्या हातातून सोडवून घेतलं.