जुने गिऱ्हाईक परत बोलवा

फोमच्या गाद्या आल्या अन् अकोल्याच्या जुन्या शहरातलं जुबेरचं गादी-रजईचं दुकान बसलं. रुई पिंजायची मशीन कधी चालू, कधी नुसतीच उभी. शेवटी जुबेरनं दुकानाचं पेज काढलं. पेजले जोडायले तीन ॲड-ऑन दिसले. एक ठरल्या वेळी फोटो टाकणारं, एक लोकायच्या प्रश्नायले आपोआप उत्तर देणारं, अन् तिसरं 'जुने गिऱ्हाईक परत बोलवा'. तिन्हीतलं एकच फुकट भेटत होतं.

"प्रश्न विचारायले कोणी आलं तं उत्तर मीच देईन ना," म्हणत त्यानं तिसरं घेतलं. अब्बाच्या जुन्या फोनमधले सारे नंबर त्यात ओतले. ॲड-ऑननं एकेकाले नाव घेऊन लिहिलं: 'बरेच दिवस झाले, तुमची आठवण येते. गादी पिंजायले कधी न्यायची?'

अब्बा, म्हणजे हुसेनभाई, चष्मा लावून यादी पाहू लागले. बोट एकेका नावावर थांबू लागलं.

"ये गुजर गए. ये भी. इनके जनाजे में तो तू मेरे साथ था! अबे, आधे कब्रस्तान को बुला लिया तूने."

"अब्बा, मशीनले काय समजते कोण मेलं?"

"उसको नहीं समझता. तेरे को तो समझता था?"

जुबेर नावं काढायले बसला, तेवढ्यात एक उत्तर आलं. केशवराव, बार्शीटाकळी. फोटोत पांढरी टोपी, जाड मिशा, नजर थेट समोर.

'या. गादी लय जड झाली.'

पहिली ऑर्डर! जुबेरनं सामान नेायची छोटी लोडर-रिक्षा काढली, खोळीचं नवं कापड टाकलं अन् निघाला.

बार्शीटाकळीत दार घरच्या सुनेनं उघडलं. आरती तिचं नाव.

"केशवरावांनी बोलावलं, गादी न्यायले," जुबेर म्हणाला.

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "काय बोलून राहिले भाऊ? मामाजी तं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच गेले. वर्षश्राद्ध आलं आता."

जुबेरनं फोन पुढं केला. टोपी, मिशा, नजर. आरती मागं सरकली.

तेवढ्यात आतून आवाज आला, "गादीवाला आला का? येऊ दे त्याले."

केशवरावांची बायको तानुबाई बाजेवरच्या गादीवर बसली होती. त्यांचा फोन तिच्या पदराखाली. "मीनं बोलावलं. मले लिहिता नाही येत. यात बोललं का तोच लिहिते. वर्षभरात कोणी त्यायले नावानं हाक मारली नाही बापू. तू मारली."

आरतीनं हळूच सांगितलं. मयताची गादी तेराव्याले देऊन टाकतेत. सासूनं देऊच दिली नाही, त्याच गादीवर झोपते. आता तिचा पोरगा, आरतीचा नवरा सागर अडून बसला होता: श्राद्धाच्या आत गादी घराबाहेर. पिंजून नवी झाली तरच ठेवू देणार होता.

जुबेर म्हणाला, "आजी, मयताची रुई आमी मशीनमंदी घेत नाही. थोडी आत राहते, मंग दुसऱ्याच्या गादीत जाते. लोकायले समजलं तं दुकान बंद करा लागते."

"मंग काहून बोलावलं त्यायले?"

जुबेर गादीजवळ बसला. भिंतीकडल्या बाजूनं ती खोल दबली होती. खांद्याजवळ जास्त, मग कंबर, मग टाचा. दुसरी बाजू सपाट. तिथं तानुबाई झोपत असणार. "मशीन नाही, हातानंच पिंजून देतो," म्हणत त्यानं शिवणीले कैची लावली.

"पिंजल्यावर हा खड्डा जाते का रे?"

"जाईनच ना आजी. त्याच्यासाठीच तं पिंजतेत."

तानुबाईनं एकदम त्याचं मनगट धरलं. "नको."

सागर वावरातून यायच्या आत काहीतरी करा लागत होतं. जुबेरनं रिक्षातलं कापड आणलं, निळ्या पट्ट्यांचं, करकरीत. जुनी शिवण न उसवता त्यानं नवी खोळ वरूनच चढवली, ताणून ओढली अन् टाके घालू लागला. गादी सपाट दिसू लागली. नवीकोरी. तानुबाई परत तिच्या बाजूले येऊन बसली.

"यायनं विचारलं तं पिंजली म्हणून सांगीन मी," आरती दाराकडं पाहत म्हणाली.

"तो निरोप पुन्हा येईन का?" तानुबाईनं विचारलं.

"नाव काढलं नाही तं येत राहीन."

"काढू नको."

जुबेर शेवटचा टाका घालत होता अन् कापड सैल पडलं. भिंतीकडल्या बाजूनं खोळ सावकाश खाली गेली. आधी खांदा, मग कंबर, मग टाचा. आरतीनं तोंडावर पदर धरला. तानुबाई फक्त थोडी इकडं सरकली.

जुबेरनं हात काढून घेतला, त्यायले जागा व्हावी म्हणून.