उदाचा वास लागलेली तार

मित्रांनो, लिवा नावाच्या अरबी वाळवंटात वाळूच्या टेकड्या चढणाऱ्या एका जुन्या गाडीतला मी हवा मोजणारा सेन्सर. आकाराने खजुराएवढा, मानाने त्याहून लहान. माझ्या पोटात केसासारखी तापलेली तार आहे. इंजिनात शिरणारी हवा तिला गार करते. तार जितकी गार, तितकी हवा जास्त. हा निरोप मी कॉम्प्युटरला देतो आणि तो त्या बेताने पेट्रोल सोडतो. माझ्या पुढे टर्बो बसतो. तो हवा कोंबतो आणि शिट्टी मारतो, म्हणून सगळे कौतुक त्याचे. त्याच्या पलीकडे दाब मोजणारा सेन्सर आहे, जरा शिष्टच. माझे नाव निघते ते फक्त बिघाड झाल्यावर.

गाडीचा मालक खलफान. त्याचे काका गानिम मजलिशीत, म्हणजे घरच्या बैठकीत, सर्वांसमोर म्हणाले, "या शुक्रवारी ही म्हातारी टेकडीच्या माथ्यावर गेली नाही, तर टर्बो उतरवायचा. उंटांचा चारा वाहील बापडी." टर्बोबरोबर माझीही रवानगी भंगारात होणार होती. माझा जीव टांगणीला लागला.

शुक्रवारी सकाळी खलफानने हवेचा फिल्टर झटकून अंगणात चटईवर ठेवला आणि तो गहवा, म्हणजे आमची वेलचीची कॉफी, प्यायला आत गेला. अंगणातच त्याची आई शम्मा घरातले कपडे धुपवत होती. तिने फिल्टरही धुपाटण्यावर धरला, वर उदाच्या तेलाचा हात फिरवला. "माझ्या लेकाच्या गाडीला दृष्ट नको लागायला," असे पुटपुटत तिने तो होता तिथे ठेवला.

खलफानने फिल्टर तसाच माझ्यासमोर बसवला. टेकडीवर इंजिन गरजले आणि ते तेल उडून माझ्या तारेवर बसले. पांघरूण घेतल्यासारखी तार गारच होईना. मी आपला प्रामाणिकपणे सांगत राहिलो, "हवा थोडीच आहे." पेट्रोलही थोडेच सुटले. पलीकडून दाब मोजणारा शेजारी ओरडला, "अरे, इथे दाब मावत नाहीये! डोळे फुटले का तुझे?" कॉम्प्युटरने दोघांचे ऐकले आणि घाबरून इंजिनाची ताकदच काढून घेतली. गाडी अर्ध्यातून घसरत खाली आली.

"चारा आजच भरायचा का रे?" चुलतभाऊ दाही पोट धरून हसला.

"सूर्य बुडून मगरीबची अजान होईपर्यंत वेळ आहे," काका म्हणाले. "मग पाना मी हातात घेणार."

खलफानने चिडून मला उपटले. तो मला भिरकावणार, इतक्यात टेकडीखाली बघायला आलेल्या आईने हात पुढे केला. तिने मला नाकाशी धरले आणि तिचा चेहरा पडला.

"खलफान, हा तर माझा ऊद! मीच मिसळलेला."

"यम्मा! गाडीच्या नाकात ऊद घातलास?"

"फिल्टरला लावला रे. पाहुण्याला लावतो तसा."

"म्हणूनच काकू!" दाही म्हणाला. "आपल्याकडे शेवटी धूप फिरवला की पाहुणा निरोप घेऊन उठतो. इंजिनाने रीत पाळली!"

सगळे हसले. शम्मा मात्र हसली नाही, तिचे डोळे भरून आले होते.

खलफानने माझ्यावर सफाईचा फवारा मारला. दाहीने आपल्या गाडीतला कोरडा फिल्टर काढून दिला. सूर्य क्षितिजाला टेकला असताना आम्ही पुन्हा निघालो. मी खरे तेच सांगितले, शेजाऱ्याने हो म्हटले, टर्बोने शिट्टी मारली आणि गाडी थेट माथ्यावर पोचली. काकांनी खलफानला स्वतःच्या हाताने गहवा ओतून दिला.

मित्रांनो, माया जरूर करा. फक्त ज्याच्यावर करता त्याला काय मानवते, ते आधी विचारा. पण शम्मावर माझा राग नाही. इतक्या वर्षांत आमच्या श्वासाची काळजी करणारी ती एकटीच. फवाऱ्याने तेल गेले. वास थोडा राहिला आहे आणि तो जावा असे मला मुळीच वाटत नाही.