रॅक नव्हे, जमीन

जेवणाची सुट्टी संपून पुन्हा काम सुरू झालं होतं. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या त्या मोठ्या गोडाऊनात दिपिका आणि रुबीना एकाच रांगेत माल काढत होत्या. हातातल्या स्कॅनरवर नंबर यायचा, त्या खणातलं खोकं काढून ट्रॉलीवर ठेवायचं, पुढे सरकायचं. दोन्ही बाजूंना लोखंडी रॅक, बघायला मान मागे टाकावी लागेल इतके उंच. त्या दिवशी दोघींच्या वाट्याला लहान मुलांच्या डायपरची रांग आली होती. शेजारच्या रांगेत तेलाचे डबे होते. तिथे चांगदेव फोर्कलिफ्ट चालवत होता.

"आज नशीब चांगलं," रुबीना म्हणाली. "काल त्या तेलाच्या डब्यांनी कंबर मोडली माझी."

दिपिका काही बोलणार, तेवढ्यात आवाज आला. खालून आला की बाजूने, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. भरलेला कंटेनर उतारावर सुटावा तसा घरघराट होता. ट्रॉली आपोआप सरकली. वरचे दिवे झोके घेऊ लागले. आणि समोरचा रॅक हळूहळू तिच्याकडे वाकला.

तिने रुबीनाचा हात ओढला आणि दोघी खाली बसल्या. मग खोकी कोसळली.

डोळे उघडले तेव्हा काळोख होता आणि तोंडात धूळ. अंगावर खोकी होती, पण हलकी. वर एक लोखंडी आडवा दांडा दुसऱ्या रॅकला टेकून तिरका अडकला होता. त्याच्याखाली कोंबडीच्या खुराड्याएवढी जागा उरली होती, तीत दोघी.

"रुबीना?"

"पाय," रुबीना कण्हली. "पाय निघत नाही."

दिपिकाने चाचपलं. रुबीनाच्या उजव्या पायावर रॅकचा खांब आडवा पडला होता. दिपिकाने सगळा जीव लावून ओढलं. खांब तसूभरही हलला नाही.

"चांगदेवनं गाडी ठोकली वाटतं रॅकला," रुबीना दात आवळून म्हणाली. "कितीदा सांगितलं त्याला, हळू चालव म्हणून."

"चांगदेवभाऊ! ओ चांगदेवभाऊ!" दिपिकाने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. तेलाचा वास मात्र आला आणि मग तेलच आलं. खोक्यांच्या खालून पसरत त्याने दिपिकाचे तळवे बुडवले.

दोघी वाट बघत राहिल्या. एरवी एक खोकं पडलं तरी सुपरवायझर भावेश सर धावत यायचे. आता एवढा रॅक पडला आणि कुणी फिरकेना. मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये होते, ड्युटीवर आत आणायला बंदी होती.

"कुनीच कसं न्हाय येत?" दिपिका म्हणाली. "एक रॅक तर पडलाय. बाकीची मानसं कुठं हायत?"

कुठून तरी ठिणगी उडाल्यासारखा चर्र आवाज झाला आणि दिपिकाच्या मनात पहिल्यांदा आलं, तेलाला आग लागली तर?

तेवढ्यात फरशी हलली.

दिपिकाचे दोन्ही हात फरशीवर होते, त्यामुळे तिला ते स्पष्ट कळलं. जमीनच सरकली होती, एकदा इकडे, एकदा तिकडे, सुपातलं धान्य पाखडावं तशी. वरचं लोखंड करकरलं. आणखी खोकी ओघळली. मग सगळं थांबलं.

"रुबीना," दिपिका म्हणाली. "चांगदेवभावानं न्हाय ठोकली गाडी. जमीन हालतेय."

"जलजला," रुबीना पुटपुटली. "या अल्लाह."

इतका वेळ दोघींना वाटत होतं, संकट एवढ्या खोक्यांपुरतंच आहे. बाहेर जग जागेवर आहे आणि ते कधी तरी येऊन आपल्याला काढेल. आता कळलं, बाहेरचं जगही जागेवर नाही. दिपिकाला खारबावजवळचा आपला पाडा दिसला. तिची धाकली, तीन वर्षांची, दुपारी घरातच झोपायची. जवळ फक्त सासू, बायजाबाई. नवरा वीटभट्टीवर.

"आमच्याकडे खाली लूमचा कारखाना, वर घर," रुबीना म्हणाली. "माझे सासरे, अब्बा, आता नमाजवरून परत आले असतील. म्हातारे आहेत गं. त्यांना जिना उतरता येणार नाही." मग ती एकदम म्हणाली, "दिपिका, त्या बाजूने उजेड येतोय. तू बारीक आहेस, निघशील. तू जा. तुझी पोरगी लहान आहे."

दिपिका निघाली. पोटावर सरपटत, तेलात घसरत. रॅकचे पाय उलटे झाले होते. त्यांच्या तळाच्या पत्र्यांना भोकं होती आणि ती रिकामी होती, तिच्या तोंडाशेजारून गेली म्हणून तिला दिसली. पुढे डब्यांच्या ढिगाखाली फोर्कलिफ्टचं पिवळं टोक दिसलं. तिथे एक हात बाहेर आला होता. दिपिकाने तो धरला, हाक मारली, हलवला. हात गरम होता, पण तिच्या बोटांना त्याने धरलं नाही. ती पुढे सरपटली. आपण रडतोय हे तिला दाराशी पोचल्यावर कळलं.

बाहेर ट्रक उभे करायच्या मैदानात सगळे जमिनीवर बसले होते. कुणी मोबाइल कानाला लावून नुसतंच हॅलो हॅलो करत होतं. पलीकडच्या गोडाऊनचं छत बसलं होतं.

"भावेश सर, रुबीना आत हाय. जिती हाय. पाय अडकलाय."

भावेशचा चेहरा पांढरा पडला होता. "कुणी आत जायचं नाही. परत हादरा आला तर राहिलेलं पण खाली येईल. फायर ब्रिगेडला फोन लावतोय, लागत नाहीये."

तो खोटं बोलत नव्हता. दिपिकाने फाटकाकडे पाहिलं. फाटक उघडं होतं. रस्त्याने पळत सुटलं तर कधीतरी पाड्यावर पोचता आलं असतं. तिचे पाय दोन पावलं तिकडे गेलेही. मग ती वळली.

"तेल वाह्यतंय आत. ठिनगी पडली तं ती जळंल. मला जॅक द्या कुनीतरी, मी जाते."

एका ट्रकवाल्याने न बोलता जॅक काढून दिला. तो उचलताना तिचे तेलकट हात घसरले. भावेशने खाली वाकून जॅक घेतला.

"एकटीला नाही जमायचं," तो म्हणाला. "चल पुढे, रस्ता दाखव."

जाताना भावेशने दारातल्या विजेच्या बोर्डवरचा मुख्य खटका पाडला. मग दोघं आत सरपटत गेले. भावेशने खांबाखाली जॅक लावला. खांब बोटभर उचलला गेला आणि तिसरा हादरा आला. भावेशने डोळे मिटून घेतले. रुबीनाने दिपिकाचं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. वर काहीतरी तुटलं, घरंगळलं, पलीकडे आदळलं. जॅक तिरका झाला, पण उभा राहिला.

"आता! ओढ आता!" भावेश ओरडला.

रुबीनाची किंकाळी आणि तिचा पाय एकदमच बाहेर आले.

तिला टेम्पोतून दवाखान्यात नेलं. भावेशने दिपिकाला घरी सोडायला मोटारसायकलवर घेतलं. मानकोलीच्या नाक्यावर गाड्या जागच्या जागी सोडून माणसं रस्त्यात उभी होती. भिवंडीत शिरल्यावर जिकडेतिकडे पडलेल्या भिंती, विटांचा लाल धुरळा. दिपिका डोळे मिटून बसली. खारबावच्या पुढे वाट सुरू झाली तशी ती गाडी थांबायच्या आत उतरली आणि पळत सुटली.

घर उभं होतं. कौलं सगळी खाली आली होती, पण कारवीच्या कुडाच्या भिंती नुसत्या कलल्या होत्या. बायजाबाई अंगणात बसली होती. मांडीवर धाकली. कपाळाला फडकं बांधलेलं, फडक्यावर रक्त.

"कौल लागला," बायजाबाई म्हणाली. "रडली लय. आता झोपली. हिचा बाप बी भट्टीवर बरा हाय, निरोप आला."

दिपिकाने पोरीच्या छातीवर कान ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

रुबीनाचे सासरे नूर मोहम्मदही वाचले. शुक्रवार असल्याने लूम बंद होते, खाली कामगार नव्हते. अब्बा मशिदीतून परत येत असताना डोळ्यांदेखत त्यांच्या कारखान्याची भिंत लूमवर पडली. त्यानंतर ते घरात पाय ठेवायला तयार होईनात.

पाड्यावरही कुणी घरात झोपेना. हादरे येतच राहिले, कधी नुसता जमिनीखालून गडगडाट. माणसं कारणं शोधू लागली. कुणी म्हणालं खाणीतले सुरुंग, कुणी म्हणालं धरणाचं पाणी. बायजाबाई म्हणाली, धरतरीचं काहीतरी चुकलं आपल्याकडून.

काही दिवसांनी शाळेत एक यंत्र बसवायला भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या रीमा मॅडम आल्या. पाडा त्यांच्याभोवती जमला.

"अकलोलीच्या कुंडातलं गरम पाणी पाहिलंय ना?" त्यांनी विचारलं. "ते खोलवरून वर येतं, कारण इथल्या काळ्या खडकात खूप खोल गेलेल्या जुन्या भेगा आहेत. आपला सगळा देश फार हळूहळू उत्तरेकडे ढकलला जातोय. त्याचा ताण अशा भेगांवर साठतो. दोन्ही बाजूंचा खडक एकमेकाला घट्ट धरून असतो. एक दिवस ताण पेलवत नाही, खडक सटकतो. तो धक्का आपल्यापर्यंत आला."

"सुरुंगानं न्हाय?" दिपिकाने विचारलं.

"सुरुंग वरच्यावर असतो. हा कितीतरी खोल होता."

"मंग परत यील?"

"छोटे येत राहतील. सटकलेला खडक नीट बसायला वेळ घेतो. मोठा येईल का, कधी येईल, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. कुणी तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका."

दिपिकाला वाटलं होतं, कारण कळलं की भीती जाईल. ती गेली नाही. आता जमिनीकडे बघितलं की खालचा तो काळा खडक दिसायचा, दोन्ही बाजूंनी ताणलेला.

"मंग कुनाचाच दोस न्हाय म्हना," बायजाबाई म्हणाली.

"हादऱ्यात नाही, आजी. पण माणसं कशाने गेली, ते बघायला लागेल. भिंतीला आधार होता का, लोखंड जमिनीला नीट जखडलं होतं का."

दिपिकाला ते उलटे पाय आठवले. रिकामी भोकं. एकातही बोल्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी ती भावेशकडे गेली. तोही आत आला होता, त्यानेही पाहिलं होतं. नोकरी जाईल म्हणून तो आधी घुटमळला, मग तिच्याबरोबर जबाब द्यायला पोलीस ठाण्यात आला. गेलेल्या चांगदेवची बायको निशा तिथे आधीच बाकावर बसली होती. दोघांनी जे पाहिलं ते तिच्यासमोर सांगितलं. तिने एकच विचारलं, "हात गरम होता म्हणालीस?" दिपिकाने मान डोलावली.

तिथून दिपिका दवाखान्यात गेली. रुबीनाच्या पायात सळई घातली होती. दिपिका पलंगाच्या कडेला बसली आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं, खडक, भेगा, ताण, जमेल तसं तिला सांगू लागली.

सांगता सांगता खिडकीची काच थरथरली. सलाइनची बाटली हेलकावली. वॉर्डातली सगळी माणसं एकदम गप्प झाली. रुबीनाने हात पुढे केला, दिपिकाने तो धरला.

"छोटा हाय," दिपिका म्हणाली. "खडक बसतोय. मॅडम म्हनाल्या, बसायला येळ लागतो."

काच थांबली. वॉर्डात कुणीतरी खोकलं, कुणीतरी पाणी मागितलं. दोघी मात्र हात न सोडता, श्वास धरून, पुढच्या हादऱ्याची चाहूल घेत राहिल्या.