नवव्या मिनिटापासून पुढे

दोन्ही हातांत दोन-दोन घडीच्या खुर्च्या आणि कपाळावर घाम अशा अवतारात फुगेवाले सासऱ्यांच्या दारात पोहोचले, तेवढ्यात मागे मोटार थांबली आणि घरातली सगळी माणसं त्यांना ओलांडून पुढे धावली.

"आले, आले! सत्कारमूर्ती आले!" सासरे ओरडले. "अहो थोरले, जरा बाजूला व्हा. वाट अडवू नका."

फुगेवाले बाजूला झाले. बाजूला होण्याचा त्यांना सहा वर्षांचा सराव होता. धाकट्या मेहुणीने लढाऊ विमानाच्या वैमानिकाशी लग्न केलं, त्या दिवसापासूनचा. त्याआधी ते या घरचे एकुलते एक जावई होते. त्यांची ओळख करून देताना सासरे 'हवामानशास्त्रज्ञ' असा भारदस्त शब्द वापरायचे. वैमानिक जावई आले आणि हवामानशास्त्रज्ञांचे फुगेवाले झाले. तसं ते खोटंही नव्हतं. हवाई तळाच्या कुंपणाला लागून हवामान कार्यालय होतं आणि गेली बावीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच्या गच्चीवरून फुगा सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. फुग्याखाली एक इवलासा दिवा बांधायचा, त्याची बॅटरी पाण्यात भिजवायची म्हणजे तो पेटतो. मग फुगा सोडायचा, दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दर मिनिटाला तो कुठल्या दिशेला, किती वर गेला ते वाचायचं. वर वारा कुठून कुठे वाहतोय, ते यातून कळतं. वैमानिकांना उडण्याआधी हे लागतंच, पण फुगा कोण सोडतो, हे कुठल्या वैमानिकाने विचारल्याचं फुगेवाल्यांना आठवत नव्हतं.

आज धाकट्या जावयांच्या बढतीची मेजवानी होती. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून बायकोने भर कामात फोन केला होता. वाढदिवसाला सासरे कोणत्या जावयाला किती किमतीचं घड्याळ देतात, हे मोजायचं फुगेवाल्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. पण दुसऱ्याच्या कौतुकासाठी खुर्च्या वाहणं त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

वैमानिक आत येऊन बसले, ते फुगेवाल्यांनी आणलेल्या खुर्चीवर. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं हो?" मेहुणीने विचारलं.

"पाणी दे आधी." ते घटाघटा प्यायले. "आज वर काहीतरी दिसलं. दिवा होता. तळ्याच्या बाजूला, पूर्वेला. साडेसात वाजायला आले होते. विमान नव्हतं, तारा नव्हता. पिवळट पांढरा, जरासा डुलत होता. मी वळून जवळ जायला बघितलं, तर सापडेना. पुन्हा वळलो, पुन्हा दिसला. माझ्याबरोबर दुसऱ्या विमानात जो होता, त्यालाही दिसला. आणि मग एकदम विझला. फुंकर मारल्यासारखा."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारचे दोघे दारातच थबकले. फुगेवाले भिंतीला टेकून उभे होते, कारण चारही खुर्च्या भरल्या होत्या, आणि त्यांच्या मनात उकळ्या फुटायला लागल्या.

पिवळट पांढरा. डुलणारा. हळूहळू चढणारा आणि फुगा फुटला की विझणारा. अरे, हा तर आपला दिवा! सात वाजून दहा मिनिटांनी आपण सोडला तो! आवाजालाही मागे टाकणारं विमान घेऊन हे गृहस्थ आपल्या फुग्यामागे गिरक्या घेत होते!

तोंडावर आलेले शब्द त्यांनी गिळले. आत्ता सांगितलं तर हशा होईल आणि विषय संपेल. एवढी मोठी गोष्ट अशी उभ्याउभ्या उधळायची नाही. रजिस्टर आणायचं, सासऱ्यांना चष्मा लावायला सांगायचं आणि आकड्यांवर बोट ठेवून एकेक मिनिट वाचून दाखवायचं. त्या रात्री ते जेवले पोटभर आणि झोपले गाढ.

"आज स्वारी खुशीत?" बायकोने विचारलं.

"हवा छान आहे," ते म्हणाले.

सकाळी त्यांनी कार्यालयात पाऊल टाकलं ते थेट रजिस्टर उघडायला. आठव्या मिनिटापर्यंतचे आकडे टपोऱ्या अक्षरात होते. नवव्यापासून अक्षर बारीक आणि तिरकं झालं होतं. त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण नवव्या मिनिटाला खाली फोन वाजला होता. खुर्च्यांचा. आकडे लिहून घेणाऱ्या लेखनिक बाई त्या दिवशी रजेवर होत्या, गच्चीवर ते एकटेच होते. फोन घेऊन येईपर्यंत फुगा दुर्बिणीतून निसटला. शोधायला पाच मिनिटं गेली असती, पण खुर्च्या नेणारी रिक्षा दारात भोंगा वाजवत होती. त्यांनी आदल्या दिवशीचं पान उघडलं आणि तिथले आकडे थोडे इकडेतिकडे करून पुढची सगळी मिनिटं भरून टाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आदल्या दिवशी वारा दक्षिणेला वाहत होता. म्हणून कागदावरचा फुगाही शिस्तीत दक्षिणेला गेला होता, तळ्यापासून कितीतरी लांब. खरा फुगा आठव्या मिनिटालाच पूर्वेकडे सरकू लागला होता. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

म्हणजे साडूंच्या फुशारकीला टाचणी लावायची, तर आधी स्वतःच्या नोकरीला लावायची. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि मूग गिळून बसले.

आठवड्याने चौकशीचं पत्र आलं. त्या संध्याकाळी आकाशात आपला फुगा होता काय? असल्यास कुठे? साहेबांनी रजिस्टर बघून उत्तर लिहवलं की फुगा दक्षिणेला होता, त्या प्रकाशाशी त्याचा संबंध नाही. खाली निरीक्षकाची सही लागायची. फुगेवाल्यांनी ती केली. साडूंचा दिवा गूढ आहे, असं आता त्यांच्याच सहीने ठरलं.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. वर्तमानपत्रात साडूंचा फोटो आला, शिरस्त्राण काखेत धरलेला. सासऱ्यांनी ते कात्रण काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं, बरोबर त्याच भिंतीवर, जिथे फुगेवाले टेकून उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासरे गोष्ट सांगायचे आणि प्रत्येक वेळी दिवा थोडा मोठा व्हायचा. एकदा तर तो हिरवाही झाला.

"हिरवा नव्हता," फुगेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही होतात का वर?" सासरे म्हणाले, आणि सगळे हसले.

घरी येईपर्यंत त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आपला दिवा! आपण भिजवलेली बॅटरी, आपण मारलेली गाठ! आणि चौकट दुसऱ्याला! बायको म्हणाली, "एवढं काय लावून घ्यायचं? त्याचं नशीब." नशीब या शब्दाचाही त्यांना राग आला.

महिनाभराने मात्र वारं फिरलं. मेहुणी त्यांच्या घरी आली आणि स्वयंपाकघरात बहिणीच्या गळ्यात पडून रडली. साडूंचं उड्डाण बंद केलं होतं. दुसऱ्या विमानातल्या वैमानिकाने जबाब बदलला होता. काचेवरचं प्रतिबिंब असावं, असं लिहून देऊन तो मोकळा झाला. यांनी बदलला नाही. म्हणून यांचे डोळे तपासले, मग कान, आणि आता मनाच्या डॉक्टरकडे पाठवत होते.

"भावोजी, रात्र-रात्र जागे असतात हो. काही विचारलं की म्हणतात, मी वेडा नाही."

फुगेवाल्यांनी तोंडावर दुःख आणलं. पण खरं सांगायचं, तर त्यांना बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं बरं वाटलं. उतरा म्हणावं खाली. राहा आमच्यासारखे जमिनीवर.

दोन दिवसांनी, दुपारी, वैमानिक कार्यालयात आले. गणवेशात नव्हते. साध्या शर्टात ते चारचौघांसारखे दिसत होते. सहा वर्षांत ते इथे पहिल्यांदाच येत होते, आणि तळ कुंपणापलीकडेच होता.

"या की. अलभ्य लाभ," फुगेवाले म्हणाले.

"दादा, तुमची दुर्बीण बघू का?"

फुगेवाले त्यांना गच्चीवर घेऊन गेले. साडूंनी तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावला, चाक फिरवलं, पुन्हा डोळा काढला.

"दर मिनिटाला वाचता?"

"दर मिनिटाला."

"बावीस वर्षं? मला नाही जमायचं बुवा." ते कठड्याला टेकले. "एक विचारू? तुम्ही रोज वर बघता. माझं डोकं फिरलंय असं वाटतं का तुम्हाला?"

"छे, छे."

"जोडीदार म्हणाला, फुगा असेल, नाहीतर प्रतिबिंब असेल, काहीतरी लिहून दे आणि सूट. क्षणभर मलाही वाटलं, फुगा असेल. पण चौकशीत त्यांनी तुमच्या कार्यालयाचं पत्र दाखवलं. खाली तुमची सही. मी म्हटलं, मग संपलं. आमचे दादा एक मिनिट इकडचं तिकडे करणार नाहीत. त्यांनी दक्षिणेला म्हटलं, म्हणजे दक्षिणेलाच. मग मला दिसला तो दिवा वेगळाच होता. म्हणून माघार घेतली नाही." ते जरासे हसले. "परवा मनाच्या डॉक्टरपुढे बसायचंय. तिथे नापास झालो की उडणं संपलं. कायमचं. मला दुसरं काही येत नाही हो, दादा."

फुगेवाल्यांनी दुर्बिणीचं चाक हातात धरलं. ज्या घरात त्यांच्या कामाला कोणी धड नाव दिलं नव्हतं, त्या घरात एका माणसाचा त्या कामावर एवढा विश्वास होता, आणि तो नेमका हाच माणूस असावा, याचा त्यांना भयंकर राग आला. दुसरं कोणी असतं तर चाललं असतं. साडू जिना उतरून गेले, तरी ते दुर्बिणीचं चाक उगाच पुढे-मागे फिरवत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांपुढे एक कागद ठेवला. नवव्या मिनिटापासून पुढचे आकडे मी फुगा न बघता, आदल्या दिवसावरून लिहिले आहेत. फुगा आठव्या मिनिटाला पूर्वेकडे वळला होता. एवढंच होतं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "कशाला उकरून काढताय? तीन वर्षं राहिली तुमची. विचारलंय का कोणी?"

"विचारलंय, साहेब. काल येऊन विचारून गेले."

त्यानंतर सगळं फार लवकर झालं. चौकशीवाल्यांनी त्या दिवशीचा वारा दुसऱ्या केंद्रांकडून मागवला, तो पूर्वेकडेच जाणारा निघाला. प्रकाश फुग्याचा होता, असं ठरलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर तीन ओळी आल्या. साडूंचं उड्डाण पुन्हा सुरू झालं, पण तळावर त्यांना 'फुगा' म्हणू लागले. सासऱ्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली आणि घरात जाहीर केलं, "धाकट्यांची नाचक्की केली ती थोरल्यांनीच. जळत होते पहिल्यापासून." फुगेवाल्यांनी ते नाकारलं नाही. जळत तर ते होतेच. साडू कार्यालयाकडे पुन्हा फिरकले नाहीत. घरीही आले नाहीत. फक्त एकदा मेहुणीकडून निरोप आला, "दादांना सांग, त्या दिवशी पूर्वेला वारा होता हे मलाही वर कळायला हवं होतं."

फुगेवाल्यांचा दुर्बिणीचा अधिकार काढून घेतला. आता वाचायचं काम लेखनिक बाईंकडे आणि लिहायचं यांच्याकडे.

पहिल्या संध्याकाळी ते रजिस्टर मांडीवर घेऊन गच्चीवर स्टुलावर बसले. बाईंनी बॅटरी भिजवली. गाठ जरा सैल मारली. त्यांनी बघितलं, पण हात मागे ठेवले. फुगा सुटला. बाईंनी डोळा लावला आणि एकदम म्हणाल्या, "अगंबाई! केवढा छान दिसतो हो आतून!"

फुगेवाल्यांनी मान खाली घातली. धावपट्टीवरून दोन विमानं पाठोपाठ उठली, गच्चीचा कठडा थरथरला. त्यातलं एक साडूंचं असणार. त्यांना त्याचं काहीही वाटलं नाही. ही सहा वर्षांत पहिलीच वेळ. त्यांना हेवा वाटत होता तो या बाईंचा. त्यांच्या उजव्या डोळ्याचा.

बाई आकडे सांगत होत्या, ते लिहीत होते. आठवं मिनिट झालं. नवव्याला बाई थांबल्या. चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

"गेला वाटतं हो. दिसेना." त्यांनी चोरट्या नजरेने रजिस्टरकडे बघितलं आणि मग ओशाळल्या.

फुगेवाल्यांनी तोंड वर केलं. गालाला वारा लागत होता, तळ्याच्या बाजूला वळलेला. त्यांनी डोळे किलकिले करून पाहिलं. दिवा दिसला की भास झाला, ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"डोळा काढू नका, बाई. जरा पूर्वेला घ्या. अजून. आता थोडं वर. हळू, हळू."

"हां!" बाई ओरडल्या. "सापडला!"

"सांगा."

त्यांनी आकडे सांगितले. फुगेवाल्यांनी ते टपोऱ्या अक्षरात लिहिले.