डाव्या हाताचा कॅमेरा

अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे देविकाला ठाऊक होतं. म्हणून तर तिनं ताईच्या नवऱ्याला, आलोकभाऊजींना, फोनवर आधीच विनवून ठेवलं होतं, की कॅमेरे जुनेपुराणे आणा, पण तिन्ही एकसारखे आणा. आलोकचा नांदेडला लग्नाच्या शूटिंगचा धंदा. धोंड्याच्या जेवणाला तो लातूरला आला आणि दिवाणावर तीन कॅमेरे मांडले. तीन तऱ्हेचे!

“हा बघ, नवाकोरा. लाखात एक.”

“भाऊजी, मला लाखात एक नकोय हो. एकसारखे तीन हवेत.”

“अगं, सुरुवातीला एक टाळी वाजवायची, की जुळतं सगळं. इतकी लग्नं केली मी, कुणी तक्रार केली का?”

“लग्नात अक्षता मागे-पुढे पडल्या तर कुणाला कळतंय? हा पखवाज आहे.”

येत्या सोमवारी बाबांच्या, पखवाज शिकवणाऱ्या दत्तोपंतांच्या, उजव्या मनगटाचं ऑपरेशन होतं. हात बरा होईल म्हणाले डॉक्टर. बोटांचं काही बोलले नाहीत. धर्माबादपासून शिकायला येणाऱ्या पोरांना त्याआधीच्या चित्रीकरणात त्यांचे दोन्ही हात एकाच वेळी दिसावेत, एवढीच देविकाची इच्छा. एक कॅमेरा उजव्या हातावर, एक डाव्यावर, एक समोर.

चंद्रप्रभाबाईंनी अनारशांचं ताट ठेवता ठेवता लेकीला चिमटा काढला. “तोंड आवर. जावई आहेत.”

“हौसेनं आणलेत, ह्यांच्यावरच करू,” दत्तोपंत म्हणाले. पखवाजाच्या डाव्या तोंडाला त्यांनी आवाज घुमावा म्हणून ओली कणीक लावली, वाद्याला नमस्कार केला आणि सुरू केलं.

रंगात आले तोच नवाकोरा कॅमेरा उन्हाळ्यानं तापून बंद पडला. त्याला पंख्याखाली ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून. देविकानं मनातल्या मनात नामस्मरण धरलं, तेही दोनदा तुटलं.

मग तिनं लॅपटॉपवर तिन्ही चित्रं शेजारी लावली. टाळी जुळली. पण बोल पुढे गेले तसा डावा हात मागे रेंगाळू लागला. शेवटी तर ‘धा’ वाजून गेला तरी डावा हात हवेतच!

“इतकंसं तर आहे,” आलोक म्हणाला. “ओढून घेऊ.”

“कुठून कुठून ओढणार? एकेकाचं घड्याळ आपापल्या मर्जीनं पळतंय!”

दत्तोपंत मागे येऊन उभे होते, हे तिला कळलंच नाही. ते पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःचा डावा हात वर धरला, बोटं मिटली, उघडली.

“डावाही गेला का गं?”

“नाही बाबा! कॅमेरा मागे पडतोय.”

“माझी समजूत नको काढू.” त्यांनी कणीक खरवडून काढली आणि पखवाजावर गवसणी चढवली.

आलोकनं हातातला अनारसा ताटात परत ठेवला.

“मी तुम्हाला म्हटलं होतं…” देविका म्हणाली.

“म्हटलं होतंस,” तो म्हणाला आणि फोन लावला. लातूरचा मन्मथ, त्याच्याच धंद्यातला. दोघांचं फारसं पटत नव्हतं. “मन्मथ, तू ते एकसारखे तीन कॅमेरे एकदमच घेतले होतेस ना?”

मन्मथचा आवाज खोलीभर ऐकू आला. “हाव. तुम्हीच तर हसले होते त्यांना!”

“हसलो होतो बाबा. घेऊन ये.”

मग तो दत्तोपंतांपुढे बसला, खाली, जमिनीवर. “बाबा, धोंड्याचं वाण म्हणून एकच मागतो. परत एकदा वाजवा.”

दत्तोपंतांनी बायकोकडे पाहिलं. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, “आता नाही म्हणाल का जावयाला? मी कणीक भिजवते.”

मन्मथचे कॅमेरे रंग उडालेले होते, एकाच्या पट्ट्याला तर सुतळी. देविकानं तिन्हींची सेटिंगं एकेक करून सारखी केली. आलोक गुमान टाळी वाजवायला उभा राहिला.

दिवेलागणीला चित्रं पुन्हा शेजारी लागली. दत्तोपंत चष्मा लावून अगदी शेवटपर्यंत बघत राहिले. हात पडे आणि धा पडे. मग मागे न्यायला सांगून एका जागी ते थांब म्हणाले.

देविकानं चित्र तिथंच थांबवलं.

“इथं मी घाई केली,” दत्तोपंत म्हणाले. “दोन्ही हातांनी. पोरांना सांग, असं करायचं नाही.”