फांदीखालून

पुंजाजीच्या सायकल दुकानासमोर ग्रामपंचायतीनं सिमेंटचा एक बाक टाकला होता, एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांसाठी. एस.टी. थांबायची तिथून दोन फर्लांग पुढं. त्यामुळे बाकावर बसणाऱ्याला कुठंच जायचं नसे, आणि ज्याला कुठंच जायचं नाही अशा माणसाला अनसिंगात एकच विषय होता: गावचा व्हॉलीबॉलचा संघ हरतो कसा.

साल चौऱ्याहत्तर. सहा वर्षांत संघानं बाहेरगावी एक सामना जिंकला नव्हता. पोहरादेवीच्या जत्रेत हरला, मंगरूळपीरला हरला. एका गावी समोरचा संघ आलाच नाही, तेव्हा पंचांनी बघ्यांतले सहा जण उभे केले, त्यांच्याशी हरला. घरच्या मैदानावर मात्र सहा वर्षांत कुणाला जिंकू दिलं नव्हतं. एवढा फरक कशानं पडतो, हे शोधायचं काम बाकानं मनावर घेतलं होतं.

आधी पाण्यावर संशय गेला. मग घरच्या विहिरीच्या पाण्याचे दोन माठ बैलगाडीनं सामन्याला नेले. संघ हरला, पाणी गोड लागलं. मग मातीवर संशय गेला. घरच्या मैदानाची पोतंभर माती नेऊन परक्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत टाकली. पंचानं ती झाडून घ्यायला लावली आणि संघ हरला. पाणी झालं, माती झाली. उरला माणूस, आणि माणूस म्हणजे ग्यानबा.

ग्यानबा पुंजाजीचा एकुलता एक. वय वीस. नेटजवळ उभं राहून दुसऱ्याला मारता यावा म्हणून चेंडू वर उचलून द्यायचा, हे त्याचं काम. अख्खा संघ या एका माणसाच्या बोटांवर चालतो. चेंडू बरोबर उचलला तर मारणाऱ्याचं नाव होतं, आणि मारणाऱ्यानं नेटात घातला तर उचलणाऱ्याचं.

"पोट्टा चेंडू देतो का लोटतो?" बाबूलाल म्हणाला. याचं किराणा दुकान होतं आणि ते त्याची बायको चालवायची, म्हणून याला मतं होती. "बुटक्या बायकोले फळीवरून डबा काढून द्यावा, तसा देतो. वर काई जातच नाई."

"दोन वर्सं झाले ना त्याले संघात," फुटाण्याची टोपली मांडीवर घेऊन बसलेली गोजराबाई म्हणाली. गोजराबाईचा एकही सामना चुकला नव्हता. "हरून राह्यलो सहा वर्सं. मंग आंधीचे चार वर्सं कोन हरवलं?"

बाबूलालनं विचार केला. "थो येनार हाये, हे संघाले आंधीच मालूम असन."

दुकानात बसून पुंजाजी हे ऐकत होता. बाकावर ग्यानबाचं नाव निघालं की पुंजाजी एक ट्यूब काढायचा, हवा भरायचा आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून पंक्चर शोधायचा. ट्यूब चांगली असायची. त्यानं ती मुद्दाम त्यासाठी ठेवली होती. घमेल्यात मान घातलेल्या माणसाला मत विचारता येत नाही. गेल्या दोन महिन्यांत त्या ट्यूबचा रंग उतरला होता.

संध्याकाळी गावचे पाटील दौलतराव आले. चेंडू दौलतरावांचा, नेट दौलतरावांचं, मैदान पुंजाजीच्या वस्तीचं. त्यामुळे खेळ दोघांचा होता आणि हार मात्र कुणाचीच नव्हती.

"आयका," दौलतराव म्हणाले. "आइतवारी शेलूबाजारले सामना हाये. हारलो, त ग्यानबा बाहेर. माह्या भाच्याले उभा करतो. पुंजाजी, तुले काई म्हनायचं?"

"पंक्चर सापडून नाई राह्यलं, पाटील," पुंजाजी घमेल्यातून म्हणाला.

घरी ग्यानबा भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायचा. पंधरा दिवस तो बापाशी बोलला नव्हता. आईशी, अंजनाशी मात्र बोलला होता. "बाहेर काढलं, त मी मामाकडं अकोल्याले जातो. तेलाच्या मिलवर माणसं घेतेत. इथं त्या बाकापुढून रोज जानं होत नाई मले." अंजनानं हे पुंजाजीला सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमी तिथंच बसता ना दिवसभर? येक शब्द बोलता येत नाई?"

पुंजाजीनं सहा वर्षांत बाहेरगावचा एकही सामना पाहिला नव्हता. दुकान कोण पाहणार? पण त्या रविवारी त्यानं फळ्या लावल्या आणि बाकीच्यांबरोबर जीपमागं लोंबकळत शेलूबाजारला गेला.

पहिला चेंडू ग्यानबाकडं आला. ग्यानबानं वर पाहिलं, जरासा वाकला आणि हात छातीपाशी ठेवूनच चेंडू बाजूला सरकवल्यासारखा दिला. नेटच्या वर वीतभर. रामराव धावला. रामराव संघातला मारणारा, अडतिसाव्या वर्षीही छातीनं दार उघडणारा गडी. त्यानं मारला, समोरच्या दोघांनी नुसते हात वर धरले, चेंडू परत आला.

दुसरा चेंडू आला. ग्यानबानं पुन्हा वर पाहिलं, पुन्हा वाकला.

"पाह्य ना, पाह्य," बाबूलाल पुंजाजीला कोपरानं ढोसून म्हणाला. "काहून वाकते थो? वर काय हाये?"

पुंजाजीनंही वर पाहिलं. वर आभाळ होतं, एक घार होती. बाकी काही नव्हतं. ग्यानबा प्रत्येक वेळी त्या काहीच नसलेल्या जागेकडं बघायचा, अंदाज घ्यायचा आणि चेंडू तिच्या खालून काढायचा. सातव्या-आठव्या वेळी पुंजाजीनं पुन्हा वर पाहिलं. वर काय आहे, ते त्याला दिसलं. वर पिंपळाची फांदी होती. ती शेलूबाजारला नव्हती, अनसिंगला होती.

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर पुढच्या पावसाळ्यात पुंजाजीनं स्वतःच्या हातानं वस्तीच्या मैदानाकडेला बोधिवृक्षाचं रोप लावलं होतं. तेव्हा दौलतरावांच्या वडलांनी महिनाभर वस्तीशी बोलणं टाकलं होतं, आणि वस्तीला ते काही कमी पडलं नव्हतं. त्या झाडाचं पान कुणी तोडायचं नाही, हा वस्तीचा नेम. झाड वाढलं. त्याची एक फांदी आडवी निघाली आणि सहा-सात वर्षांपूर्वी बरोबर नेटवर येऊन थांबली. चेंडू फांदीला लागला की बाद, असा घरचा नियम झाला. बाहेरचे संघ यायचे, चेंडू उंच उचलायचे, तो फांदीला लागायचा, बाद व्हायचे, चिडायचे, हरून जायचे. घरची पोरं त्या फांदीखाली खेळतच मोठी झाली होती.

शेलूबाजारला संघ पंधरा-चार, पंधरा-सहा असा हरला. परतताना पुंजाजी सबंध रस्ताभर तेच घोळवत राहिला. बोलला नाही तर पोरगं जातं. बोलला तर कुऱ्हाड निघते.

सोमवारी बाक भरला. दौलतरावांनी भाच्याला सोबतच आणलं होतं. भाचा नवी चड्डी घालून उभा होता. पुंजाजीनं सवयीनं ट्यूब हातात घेतली, घमेल्याकडं पाहिलं आणि ट्यूब खुंटीला टांगली. बाकावरचे सगळे त्याच्याकडं वळले. दोन महिन्यांत त्यांनी पुंजाजीचं तोंड नीट पाहिलं नव्हतं.

"फांदी हाये," पुंजाजी म्हणाला.

"कायची?"

"पिप्पळाची. पोट्टा तिच्याखालून चेंडू काढते. शेलूबाजारले बी तेच केलं त्यानं. नसलेल्या फांदीखालून काढला. त्याच्या आंधीचा बी तेच करत होता. चूक पोट्ट्याची नाई. झाड मी लावलं."

मग बाबूलाल हळूच म्हणाला, "म्हंजे घरी आपन जितून राह्यलो, थे फांदीच्या जिवावर?"

"व्हय."

"सहा वर्सं?"

"सहा वर्सं."

"अन् आमी रामरावले हार घातले!"

"फांदीले घालाचे होते," गोजराबाई म्हणाली. "तिलेच क्याप्टन करा आता. पगार मांगत नाई, चहा मांगत नाई."

रामराव बाकाच्या टोकाला बसला होता. तो हसला नाही.

"तोडा मंग," दौलतराव म्हणाले.

"तोडू नका!" बाबूलाल उठून उभा राहिला. "घरी बी हारू ना मंग! येवढा येकच पिलेयर चांगला हाये आपला."

पुंजाजी म्हणाला, "तोडनार कोनी नाई, पाटील. मी लावलं, मीच सांगतो. पन मले पंधरा दिवस द्या. शेलूबाजारवाले इथं यायचे हायेत परतीच्या सामन्याले. तवर पोट्ट्याले काढू नका."

दौलतरावांनी भाच्याच्या चड्डीकडं पाहिलं. "बरं. पन त्या दिवशी पोट्ट्यानं चेंडू लोटला, त मंग अकोलाच."

म्हणजे अकोल्याचंही बाकाला माहीत होतं.

रात्री वस्ती विहारापुढं बसली. पान तोडायचं नाही, हे सर्वांना मान्य होतं. वाकवायची का? नाही. मग एक म्हातारा म्हणाला, "वर धरायले काय हरकत हाये? मानूस बी हात वर करतेच ना." यावर पुष्कळ विचार झाला आणि वर करण्यात अपमान नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं दुकानातल्या ट्रकच्या जुन्या ट्यूबा काढल्या, अकरा. कापून लांब पट्टे केले. झाडावर चढून फांदीभोवती आधी गोणपाट गुंडाळलं, मग पट्टे घालून ती वरच्या खोडाशी बांधली. रोज संध्याकाळी एक गाठ आवळायची. फांदी रोज टीचभर वर जायची. दहाव्या दिवशी ती तीन हात वर होती आणि खाली पहिल्यांदाच ऊन पडलं होतं.

"ग्यानबा," पुंजाजीनं झाडावरून हाक मारली. महिनाभरात त्यांच्यात झालेलं पहिलं बोलणं ते. "उचलून पाह्य."

ग्यानबानं चेंडू उचलला. छातीपासून, बाजूला, वीतभर.

"वर काई नाई रे. पाह्य ना वर."

"दिसून राह्यलं मले, बा," ग्यानबा म्हणाला. "हाताले दिसून नाई राह्यलं."

हाताला दिसायला पाच दिवस लागले. ग्यानबा पहाटे एकटाच मैदानावर असायचा आणि चेंडू हवेत पाठवायचा. रामरावला त्यानं दोनदा बोलावलं. रामराव म्हणाला, "मले कायची प्राक्टिस? वीस वर्सं मारून राह्यलो."

सामन्याला शेलूबाजारचे लोक आले. आधी वर पाहिलं, मग एकमेकांकडं पाहिलं आणि मग बूट घट्ट बांधले. त्यांच्यातला एक जण पुंजाजीला म्हणाला, "आजारी हाये का झाड? पट्ट्या बांधल्या म्हून इचारलं."

पहिला चेंडू ग्यानबाकडं आला. त्यानं वर पाहिलं. वाकला नाही. दोन्ही हात कपाळावर नेले आणि बोटांनी चेंडू वर सोडला. चेंडू सरळ वर गेला, नेटच्या पुरुषभर वर, तिथं जरा थांबला. शेलूबाजारच्या माणसांनीही मान वर केली. बाकावरची माणसं त्या दिवशी मैदानाकडेला उभी होती, त्यांनीही केली.

रामराव धावला. सहा वर्षांची सवय. चेंडू जिथं असायला पाहिजे तिथं उडी मारली, हात फिरवला, खाली आला. चेंडू अजून वरच होता. रामराव वळून कुठं गेला म्हणून बघायला लागला, तेव्हा तो त्याच्या डोक्यावर पडला.

दुसरा तसाच उंच गेला. रामराव तसाच लवकर गेला. तिसऱ्याला तो थांबला, फार थांबला, आणि चेंडू त्याच्या समोरून खाली पडताना त्यानं पाहिला. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या मारणाऱ्याचंही तेच. ग्यानबाच्या हातून एकही चेंडू वाकडा सुटला नाही. शेवटी शेवटी शेलूबाजारवाले त्याच्या प्रत्येक उचलीला टाळ्या वाजवत होते आणि गुणही घेत होते.

सहा वर्षांत पहिल्यांदा अनसिंग घरी हरलं. पंधरा-तेरा, पंधरा-बारा.

दुसऱ्या दिवशी बाक भरला. पुंजाजी दुकान झाडून बसला आणि ट्यूब हाताशी ठेवली.

"पोट्टा काई म्हना, चेंडू देवानं द्यावा तसा देते," बाबूलाल म्हणाला.

"मी आंधीपासून सांगत होते," गोजराबाई म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं.

"मारनाराच धड नाई ना. चाळीस वर्साचा घोडा झाला. डोकशावर चेंडू घेते!"

"भाचा मारते बरं का," दौलतराव म्हणाले. "त्याची उडी पाह्यली कोनं?"

पुंजाजीनं ट्यूब खुंटीला टांगली. मागच्या दारानं ग्यानबा आला, उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या, "बा, चेंडूतली हवा कमी हाये," म्हणाला आणि पंप घेऊन मैदानाकडं गेला. अकोल्याचं नाव कुणी काढलं नाही.

थोड्या वेळानं मागच्याच दारानं रामराव आला. हातात सायकल होती. बाकाकडं न बघता तो आत आला आणि मोडक्या खोक्यावर बसला.

"पंक्चर झाली," तो म्हणाला.

पुंजाजीनं चाक दाबून पाहिलं. दगडासारखं टणक होतं. त्यानं रामरावकडं पाहिलं. बाहेर बाबूलाल रामराव हवेत कसा फिरला ते करून दाखवत होता, आणि लोक हसत होते.

"पाहाव लागन," पुंजाजी म्हणाला.

त्यानं सायकल भिंतीला लावली आणि खुंटीवरची ती रंग उतरलेली ट्यूब काढली. हवा भरली, घमेल्यात बुडवली. रामरावनं खोकं पुढं ओढलं. दोघं पाण्यात मान घालून बसले.

"आला का बुडबुडा?" बऱ्याच वेळानं रामरावनं विचारलं.

"नाई," पुंजाजी म्हणाला. "घाई कायची हाये?"