काल माझं चुकलं

आमचं तिखटाचं काम आहे, धामणगाव बढ्याला. मिरची वाळवायची, देठं खुडायची, चक्कीवर दळायची आणि पुडे भरून खामगावला उद्धवशेठकडे पाठवायचे. दोन बायांनी सुरू झालेलं हे काम कोकिळेनं, माझ्या बायकोनं, चौदा बायांपर्यंत नेलं. मी गाडी आणि चक्की पाहायचो. पौषात ती छातीत दुखून गेली. तेव्हापासून सगळं माझ्याकडे आहे, आणि तेव्हापासून दोनदा माल परत आला. तिखटात गाठी झाल्या होत्या.

उद्धवशेठ फोनवर म्हणाला, "अर्जुनराव, तिसऱ्यांदा असं झालं तं मी दुसऱ्याकून घेईन. मले बी गिऱ्हाईक सांभाळाचं आहे."

दोन्ही वेळा मी शेडमध्ये उभं राहून ओरडलो होतो, कोणं केलं हे? चौदा बाया खाली मान घालून देठं खुडत राहिल्या.

दाराजवळ कोकिळेचं बसायचं गोणपाट आहे. त्यावर कोणी बसत नाही. मी एकदा ते उचलून कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर होतं. कोणी अंथरलं, ते मी विचारलं नाही.

चैत्रातल्या एका सकाळी गाडी भरून तयार होती. दोर आणायला शेडच्या मागे गेलो, तर खिडकीतून आवाज आला.

"वैनी, परवाच्या मिरचीत ओल राह्यली होती. आभाळ होतं ना. माह्याच हाताले लागली, पण तशीच चक्कीवर गेली."

मग शांत. समोरच्याचं ऐकून घ्यावं तेवढा वेळ.

"हाव, सांगाले पाह्यजे. पण भाऊ अंगावर येतात वो."

मी खिडकीशी गेलो. आत पाहिलं. बेबीताई रिकाम्या गोणपाटासमोर बसली होती. ती उठली, तशी दुसरी बाई वाकली, काहीतरी पुटपुटली आणि आपल्या जागी गेली. मग तिसरी.

मी दारातून आत गेलो. सगळ्या थबकल्या.

"हे कवापासून चालू आहे?"

सुभद्राबाई वयानं सगळ्यांत मोठी. तीच बोलली. "वैनी होती तवापासून. रोज पयले वैनी सोताचं सांगे, काल माझं हे चुकलं म्हणून. मंग आमाले विचारे. कोणाले बोलणं नाई बसे. आता वैनी नाई, तं सांगाचं बंद कराचं का?"

बारा वर्षं मी त्याच वेळी बाहेर गाडी पुसत होतो. मला वाटायचं, बाया गप्पा मारतात.

मी गोणपाटावर बसलो. खालची जमीन थंड होती.

"पयले माझं," मी म्हणालो. "कोकिळा मले म्हणली, छातीत दुखते. मी म्हणलं, एवढी गाडी जाऊ दे, मंग दवाखान्यात जाऊ."



बेबीताई हातातल्या मिरचीकडे पाहत म्हणाली, "वैनीनं सांगतलं होतं आमाले. शेवटच्या सकाळी. म्हणे, काल माझं चुकलं. यांले छातीत दुखते म्हणून सांगतलं, पण हळू सांगतलं."

चक्की बंद होती, तरी मला ठसका लागला. बराच वेळ थांबला नाही.

मग मी गाडीतला माल उतरवला आणि उद्धवशेठला फोन केला. माल आज येत नाही, मिरची ओली होती आणि दळली मी, असं सांगितलं.

"कोकिळाबाईचे असेच फोन येत," तो म्हणाला. "किती दिवस लागतीन?"

"आठ."

"बरं. आठ."

आता रोज सकाळी मी आत बसतो. मधोमध बसलो की सुभद्राबाई म्हणते, "भाऊ, जरासे सरका. वैनीले जागा ठेवा."

मी सरकून बसतो. मग माझं सांगतो.